प्लेऑफ म्हणजे नक्की काय? चॅम्पियन गुणतक्त्याने ठरवायचा की फायनलने?

२०१७ च्या आयपीएलमध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट आणि मुंबई इंडियन्स एकमेकांशी चार वेळा खेळले. पहिले तिन्ही सामने पुण्याने जिंकले. चौथा मुंबईने जिंकला, तोही फक्त एका धावेने. ट्रॉफी मात्र मुंबईला मिळाली, कारण तो चौथा सामना फायनल होता.

मग त्या वर्षीचा चांगला संघ कोणता? समोरासमोरचा हिशोब म्हणतो पुणे, ३-१. गुणतक्ता म्हणतो मुंबई, कारण साखळीत मुंबईचे २० गुण होते आणि पुण्याचे १८. फायनलही मुंबईच म्हणते, पण एका धावेच्या फरकाने. तीन मापं लावली आणि तिन्ही बरोबर आहेत. फक्त प्रत्येक माप वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतंय.

हा प्रश्न फक्त आयपीएलचा नाही. मी भूम तालुक्यातल्या ईटचा. आमच्याकडे टेनिस बॉलची स्पर्धा म्हटलं की आसपासच्या गावांतून पोरं येतात. वर्गणी काढून एन्ट्री फी भरलेली असते, गाड्यांत पेट्रोल टाकलेलं असतं, कुणी कामावर खाडा केलेला असतो. आणि पहिल्याच सामन्यात तगड्या संघाशी गाठ पडली की आठ षटकांत सगळं संपतं. मग वाद सुरू होतो: "लॉट कुणी पाडले?", "त्यांना बाय कसा मिळाला?", "आमचा रन रेट जास्त होता!" वाद खेळाडूंवरून सुरू होतो, पण मुळात तो स्पर्धेच्या रचनेचा असतो. आणि रचना हे शुद्ध गणित आहे. मोबाइलवर करता येईल इतकं सोपं. चला, एकेक करून बघू.

तीन पद्धती, तीन प्रश्न

साखळी: प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. शेवटी ज्याचे गुण जास्त तो पहिला. "पूर्ण मोसमात सातत्याने चांगलं कोण खेळलं?" या प्रश्नाचं हे सगळ्यात चांगलं उत्तर. अडचण एकच, सामने फार होतात. ८ संघांना २८ सामने लागतात आणि ३२ संघांना तब्बल ४९६. संघांची संख्या गुणिले त्यातून एक वजा, भागिले दोन, असा हिशोब आहे.

बाद पद्धत, म्हणजे नॉकआउट: हरला की घरी. इथे सामने मोजायची युक्ती गंमतशीर आहे. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर जातो आणि शेवटी एकच उरतो. म्हणून ३२ संघांना ३१ सामने, ८ संघांना ७. एवढ्या कमी खर्चात दुसरी कुठलीच पद्धत चॅम्पियन देत नाही. पण ती विचारते, "ज्या दिवशी खेळलात त्या प्रत्येक दिवशी तुम्ही जिंकलात का?" एक खराब दिवस आला की संपलं. आणि पहिल्या फेरीनंतर १६ संघ एकच सामना खेळून परत जातात.

प्लेऑफ: या दोघांची जुळणी. आधी साखळी, मग वरच्या काही संघांत बाद सामने. साखळीचं सातत्य आणि फायनलचा थरार, दोन्ही एकत्र. वादही इथेच, कारण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच ट्रॉफीत कोंबलेली असतात.

आयपीएलचा प्लेऑफ कसा चालतो?

पहिल्या तीन आयपीएलमध्ये, म्हणजे २००८ ते २०१० मध्ये, साधे उपांत्य सामने होते. पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा, आणि मग फायनल. यात गुणतक्त्यात पहिलं येण्याचा फायदा फारसा नव्हता. १४ सामने मेहनत करून पहिला आलेला संघही एका पराभवात बाहेर, आणि कसाबसा चौथा आलेलाही एका पराभवात बाहेर. दोघांना एकच माप.

२०११ पासून पद्धत बदलली. आता ती अशी आहे:

१. क्वालिफायर १: पहिला विरुद्ध दुसरा. जिंकणारा थेट फायनलला.
२. एलिमिनेटर: तिसरा विरुद्ध चौथा. हरणारा घरी.
३. क्वालिफायर २: क्वालिफायर १ मध्ये हरलेला विरुद्ध एलिमिनेटर जिंकलेला. जिंकणारा फायनलला.
४. फायनल.

म्हणजे वरच्या दोघांना एक पराभव माफ, खालच्या दोघांना नाही. साखळीतल्या मेहनतीचं बक्षीस ते हेच. या रचनेला पेज प्लेऑफ म्हणतात. यातलं 'पेज' हे माणसाचं आडनाव आहे, वहीच्या पानाशी त्याचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने १९३१ साली ही पद्धत वापरली होती. क्रिकेटला ती फुटबॉलकडून मिळाली.

आता थोडं गणित. समजा चारही संघ अगदी सारखे आहेत, प्रत्येक सामना टॉससारखा पन्नास-पन्नास टक्के. साध्या उपांत्य पद्धतीत प्रत्येकाला ट्रॉफीची संधी २५ टक्के. पेज पद्धतीत पहिल्या आणि दुसऱ्याला प्रत्येकी साडेसदतीस टक्के, तिसऱ्या आणि चौथ्याला प्रत्येकी साडेबारा. बरोबर तिप्पट फरक. म्हणून साखळीच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेसाठी एवढी मारामारी चालते.

प्रत्यक्षात काय घडलं? २०११ ते २०२५ या १५ मोसमांचा हिशोब असा:

- गुणतक्त्यात पहिला आलेला संघ ५ वेळा चॅम्पियन झाला (२०१७, २०१९, २०२०, २०२२, २०२४).
- दुसरा आलेला ९ वेळा.
- तिसरा आलेला फक्त एकदा, २०१६ मध्ये सनरायझर्स हैदराबाद.
- चौथा आलेला एकदाही नाही.

म्हणजे १५ पैकी १४ ट्रॉफ्या वरच्या दोघांतच राहिल्या. पण "पहिला आलेलाच जिंकतो" असं म्हणाल तर ते तीनातून एकदाच खरं. गणिताने पहिल्या आणि दुसऱ्याला सारखीच सवलत दिली आहे, त्यामुळे पहिल्या क्रमांकाला दुसऱ्याहून वेगळं काही मिळत नाही.

पुण्याची तक्रार बरोबर होती का?

आता २०१७ कडे परत बघू. १६ मे रोजी वानखेडेवर क्वालिफायर १ झाली. पुण्याने १६२ केल्या, मुंबई १४२ वर थांबली. पुणे थेट फायनलला. मुंबईला मिळाली दुसरी संधी, आणि तिथे त्यांनी कोलकात्याला हरवलं. २१ मे रोजी हैदराबादला फायनल. मुंबई १२९, शेवटच्या षटकात पुण्याला ११ हव्यात, आणि पुणे १२८ वर.

पुण्याच्या चाहत्याची बाजू अशी: प्लेऑफमध्ये मुंबई एकदा हरली, तरी चॅम्पियन. पुणेही एकदाच हरलं, पण बाहेर. दोघांनाही एक पराभव माफ असेल, तर फायनल हरल्यावर आणखी एक सामना व्हायला हवा होता.

अशी पद्धत खरंच आहे. तिला डबल एलिमिनेशन म्हणतात, दोन पराभवांनंतर बाहेर. त्यात एकदाही न हरलेला संघ फायनल हरला, तर ती फायनल पुन्हा खेळवतात. ई-स्पोर्ट्समध्ये 'अप्पर ब्रॅकेट' आणि 'लोअर ब्रॅकेट' हे शब्द ऐकले असतील, ते याच पद्धतीचे. न्याय म्हणून ती जास्त पक्की. पण टीव्हीवर आणि मैदानावर ती चालवणं अवघड, कारण फायनल एक होणार की दोन, हे आधी सांगताच येत नाही. तिकिटं कशी विकणार?

मुंबईच्या चाहत्याची बाजूही कच्ची नाही. साखळीच्या १४ सामन्यांत मुंबईने १० जिंकले, पुण्याने ९. फायनलचा एक सामना बाजूला ठेवून गुणतक्त्यावर ट्रॉफी दिली असती, तरी ती मुंबईलाच गेली असती. म्हणजे पुण्याला हरवलं ते फक्त नशिबाने, असंही म्हणता येत नाही. पुण्याच्या बाजूने फक्त एकच माप होतं, समोरासमोरचं. आणि पुण्याच्या त्या फ्रँचायझीला हिशोब चुकता करायची संधीही मिळाली नाही, कारण ती २०१६ आणि २०१७ असे दोनच मोसम होती.

पहिल्याला थेट फायनलला पाठवलं तर?

महिलांच्या डब्ल्यूपीएलमध्ये पाच संघ असतात. तिथे गुणतक्त्यात पहिला आलेला संघ थेट फायनलला जातो, दुसरा आणि तिसरा एलिमिनेटर खेळतात. गणित मांडलं तर पहिल्याला ५० टक्के संधी, बाकी दोघांना प्रत्येकी २५. पहिल्या क्रमांकाचा मान राखणारी पद्धत.

पण पहिल्या तीन मोसमांत काय झालं बघा. २०२३, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षी दिल्ली कॅपिटल्स पहिली आली, तिन्ही वर्षी थेट फायनलला गेली, आणि तिन्ही फायनल हरली. दोनदा मुंबईकडून, एकदा बंगळुरूकडून. बंगळुरू तर तिसऱ्या क्रमांकावरून आली होती.

यावरून "थेट फायनल हा शाप आहे" असं काहीजण म्हणतात. एलिमिनेटर खेळून आलेला संघ लयीत असतो आणि बसून राहिलेला गार पडतो, असा तर्क. तर्क म्हणून ऐकायला बरा आहे. पण पन्नास टक्क्यांची गोष्ट सलग तीनदा हुकणं हे आठातून एकदा नुसत्या योगायोगाने होतं. नाणं तीनदा उडवून तीनदा काटा आला म्हणून कुणी नाणं खोटं म्हणत नाही. तीन फायनलच्या डेटावरून नियम बनवायची घाई करू नये.

चॅम्पियन कम्प्युटरने ठरवला तर? अमेरिकेचा धडा

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला? सगळ्या सामन्यांचा डेटा अल्गोरिदमला द्या, तो क्रमवारी लावेल. हे अमेरिकेत करून झालंय.

तिथे कॉलेज फुटबॉल (आपला फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूने खेळतात तो) प्रचंड मोठा आहे. सर्वोच्च गटात १३० हून जास्त कॉलेजं आणि प्रत्येकाचे मोसमात साधारण १२ सामने. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य. त्यामुळे कितीतरी दशकं चॅम्पियन मतांनी ठरायचा. पत्रकारांची क्रमवारी १९३६ पासून चालत आली आहे आणि प्रशिक्षकांची वेगळी असते. दोन्ही जुळल्या नाहीत की एकाच वर्षी दोन चॅम्पियन.

१९९८ मध्ये बीसीएस नावाची पद्धत आली. तिने मतं आणि कम्प्युटरच्या क्रमवाऱ्या एकत्र करून पहिले दोन संघ काढायचे, आणि त्या दोघांत फायनल. या कम्प्युटर पद्धतींपैकी कॉली नावाची एक समजायला सोपी आहे. तिची सुरुवात अशी: जिंकलेल्या सामन्यांत १ मिळवा, खेळलेल्या सामन्यांत २ मिळवा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा.

एक सामना खेळून एक जिंकलेला संघ: २ भागिले ३, म्हणजे ०.६७. पाच खेळून पाच जिंकलेला: ६ भागिले ७, म्हणजे ०.८६. साध्या टक्केवारीत दोघेही १०० टक्के दिसले असते. इथे जास्त वेळा सिद्ध झालेला वर जातो. अजून एकही सामना न खेळलेल्याला ०.५, म्हणजे "अजून माहीत नाही". यानंतर प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा हिशोब होतो. तगड्यांशी खेळलात तर गुण वाढतात, लिंबूटिंबूंशी खेळलात तर कमी होतात. प्रतिस्पर्ध्याची ताकद त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, म्हणून कम्प्युटरला सगळी समीकरणं एकदम सोडवावी लागतात.

इतकं करून वाद मिटला का? उलट वाढला. २००३ च्या मोसमात पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांनीही सदर्न कॅलिफोर्नियाला पहिलं ठेवलं, पण एकूण हिशोबात फायनलला गेले ओक्लाहोमा आणि एलएसयू. शेवटी पुन्हा दोन चॅम्पियन. पुढच्याच वर्षी ऑबर्न एकही सामना न हरता फायनलबाहेर राहिलं, कारण न हरलेले आणखी दोन संघ वर होते.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: २००२ पासून या कम्प्युटर पद्धतींत किती फरकाने जिंकलात हे मोजायचं बंद केलं. मोजलं की तगडे संघ कमजोर संघाला उगाच चेचत राहतात. पण न मोजल्याने कम्प्युटरकडची उपयोगी माहितीही गेली. खेळात काय मोजायचं हा निर्णय माणसाचाच असतो. अल्गोरिदम तो निर्णय फक्त वेगाने अमलात आणतो.

२०१४ ला चार संघांचा प्लेऑफ आला. ते चार कोण, हे १३ जणांची समिती ठरवायची. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले, तरी समितीने त्यांना बाहेर ठेवलं, कारण त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला होता. एक-एक सामना हरलेले टेक्सस आणि अलाबामा आत गेले. सगळे सामने जिंकूनही संधी नाही, यावर देशभर गदारोळ झाला. २०२४ पासून १२ संघ घेतात. त्या पहिल्या वर्षी चार संघांना पहिल्या फेरीत बाय मिळाला, आणि ते चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. पुढच्या वर्षी बाय कुणाला द्यायचा याचा नियम बदलला.

दोनाचे चार झाले, चाराचे बारा झाले. वाद प्रत्येक वेळी शेवटच्या जागेवर सरकला. पूर्वी तिसरा ओरडायचा, मग पाचवा, आता तेरावा ओरडतो. पण तेराव्याची तक्रार तिसऱ्याच्या तक्रारीपेक्षा नक्कीच हलकी आहे, आणि हीच प्लेऑफची खरी कमाई.

दोन ट्रॉफ्या का नकोत?

आयएसएल फुटबॉलने यावर साधा उपाय काढला होता. साखळीत पहिल्या येणाऱ्याला लीग शील्ड, प्लेऑफ जिंकणाऱ्याला आयएसएल कप. दोन प्रश्न, दोन ट्रॉफ्या.

मुंबई सिटी एफसीने दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. २०२०-२१ मध्ये त्यांनी शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. २०२२-२३ मध्ये शील्ड मुंबईकडे, पण उपांत्य फेरीत ते बंगळुरूकडून हरले आणि कप मोहन बागानकडे गेला. २०२३-२४ मध्ये बरोबर उलटं झालं. साखळीच्या शेवटच्या सामन्यात कोलकात्यात मोहन बागानने मुंबईला २-१ हरवून शील्ड घेतली. तीन आठवड्यांतच, ४ मे २०२४ रोजी, त्याच मैदानावर मुंबईने फायनल ३-१ जिंकून कप नेला. दोघांच्या हातात काहीतरी आलं, आणि कुणाचंही म्हणणं खोटं पडलं नाही.

नेट रन रेट: जिथे सगळे चुकतात

गुण सारखे झाले की नेट रन रेट लागतो. २०१९ च्या आयपीएलमध्ये मुंबई, चेन्नई आणि दिल्ली तिघांचे १८ गुण होते, आणि मुंबई रन रेटवर पहिली आली. त्याच वर्षी हैदराबाद फक्त १२ गुणांवर प्लेऑफला गेली, कारण १२ गुणांच्या तीन संघांत तिचा रन रेट चांगला होता.

सूत्र सोपं: स्पर्धेत तुम्ही केलेल्या एकूण धावा भागिले तुम्ही खेळलेली षटकं, वजा तुमच्यावर झालेल्या एकूण धावा भागिले तुम्ही टाकलेली षटकं. खाचा दोन आहेत.

खाच १: ऑलआउट झालेल्या संघाची पूर्ण षटकं धरायची. समजा ८ षटकांचा सामना. तुम्ही ८० केल्या. समोरचे साडेसहा षटकांत ६४ वर ऑलआउट. तुमचा रेट १०. त्यांचा ६४ भागिले ८, म्हणजे ८. तुमचा नेट रन रेट अधिक २. पण कुणी ६४ ला साडेसहाने भागलं तर ९.८५ येतं, आणि तुमचा नेट रन रेट जेमतेम अधिक ०.१५ उरतो. सगळ्यांना बाद करण्याची शिक्षाच मिळाली म्हणायची.

खाच २: षटकाचा टिंब म्हणजे दशांश चिन्ह नव्हे. स्कोअरबोर्डवर ६.३ लिहिलं तर ती सहा षटकं आणि तीन चेंडू, म्हणजे गणितात ६.५. गूगल शीट्समध्ये तसंच ६.३ टाकलं की उत्तर चुकणारच. सोपा उपाय: षटकं टाकूच नका, एकूण चेंडू टाका (इथे ३९), आणि शेवटी ६ ने भागा. क्रिकहीरोजसारख्या स्कोअरिंग अ‍ॅपवर प्रत्येक चेंडू नोंदवलात, तर गुणतक्ता अ‍ॅपच बनवतं आणि ही कटकट वाचते. अट एकच, सगळे सामने त्यातच नोंदवलेले हवेत.

आपल्या गावच्या स्पर्धेला काय लागू पडतं?

समजा एक संघ खरंच चांगला आहे, इतका की कुणाशीही खेळला तरी दहातले सहा सामने जिंकेल. तो ट्रॉफी जिंकण्याची शक्यता किती?

- ३२ संघांची सरळ बाद स्पर्धा, पाच सामने सलग जिंकायचे: सुमारे ८ टक्के.
- चौघांत उपांत्य आणि फायनल: ३६ टक्के.
- आयपीएलसारख्या प्लेऑफमध्ये वरच्या दोघांत असेल तर: ५० टक्क्यांच्या किंचित वर.

पहिला आकडा पुन्हा वाचा. मैदानातला सगळ्यात चांगला संघ बाराच्या आसपास स्पर्धांतून एकदा जिंकेल. म्हणून बाद स्पर्धा हरलात तर "आपण बेकार" असं समजू नका, आणि जिंकलात तर फार हवेत जाऊ नका.

हे स्वतः तपासायचं असेल तर मोबाइलवर गूगल शीट्स उघडा. त्यातलं रँड नावाचं फंक्शन शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देतं. आकडा ०.६ पेक्षा कमी आला तर विजय धरा. अशी पाच घरं एका ओळीत, आणि ओळी हजार. पाचही विजय असलेल्या ओळी मोजा, ऐंशीच्या आसपास भरतील. याला सिम्युलेशन म्हणतात, आणि मोठमोठे विश्लेषकही मुळात हेच करतात.

आता रचना. ३२ संघ असतील तर चार-चारचे आठ गट पाडा. प्रत्येक गटात ६ सामने, एकूण ४८. आठ गटविजेत्यांत बाद फेरी, ७ सामने. एकूण ५५. सामने वाढले, पण प्रत्येक संघाला किमान तीन सामने नक्की. एवढे दिवस मैदान मिळत नसेल तर आणखी स्वस्त उपाय आहे. पहिल्या फेरीत हरलेल्या १६ संघांची वेगळी बाद स्पर्धा घ्या, रणजीत 'प्लेट' गट असतो तशी. फक्त १५ सामने वाढतात, एकूण ४६, आणि परंड्याहून आलेला संघ एका सामन्यात परत जात नाही.

गट पाडताना एक काळजी घ्या. वेगवेगळ्या गटांतले संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात. सोप्या गटातल्या विजेत्याचा रन रेट फुगलेला असणारच. त्यामुळे गटविजेत्यांची आपसातली क्रमवारी रन रेटवर लावू नका. अमेरिकेतली सगळी भांडणं याच मुळाची आहेत. 'अ' गटाचा विजेता 'ब' गटाच्या विजेत्याशी खेळेल, असं आधीच ठरवून टाका.

लॉट सगळ्यांसमोर पाडा, जमलं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ टाका. शीट्समधून लॉट काढत असाल तर लक्षात ठेवा, पानावर काहीही बदललं की रँडचे आकडे बदलतात. म्हणून आकडे आले की लगेच 'फक्त व्हॅल्यू' म्हणून पेस्ट करा, नाहीतर "मगाशी वेगळं होतं" हा आरोप ठरलेला. बायचंही तसंच. २७ संघ आले तर ३२ पूर्ण करायला ५ बाय लागतात. ते गेल्या वर्षीच्या कामगिरीवर द्या किंवा चिठ्ठीने द्या, पण कसे देणार ते आधी लिहा.

मग माझं मत काय?

मला प्लेऑफ हवा, पण साखळीत वर येणाऱ्याला ठोस फायदा देणारा. आणि त्याहून महत्त्वाचं, सगळा नियम एन्ट्री फी घेण्याआधी, एका पानावर, सगळ्यांना दिसेल असा लावलेला हवा: गट कसे, गुण सारखे झाले तर काय, पाऊस आला तर काय, बाय कुणाला.

२०१७ च्या पुण्याकडे बघा. तीनदा जिंकून ट्रॉफी गेली, याचं दुःख त्यांच्या चाहत्यांना आजही आहे. पण फसवणूक झाली असं कुणी म्हणू शकत नाही, कारण पहिला चेंडू पडण्याआधीच नियम सगळ्यांना माहीत होता. फ्लोरिडा स्टेटला तेवढंही मिळालं नाही. त्यांनी सगळे सामने जिंकले, आणि मग बंद खोलीत बसलेल्या समितीने काय मोजायचं ते ठरवलं. कुठलीही पद्धत दर वेळी सगळ्यात चांगला संघ शोधून देईल अशी खात्री नाही. पण हरलेला संघ गाडीत बसून परत जाताना "आपण कशामुळे हरलो" हे त्याला नेमकं सांगता आलं पाहिजे. एवढं तर कुठल्याही गावची कमिटी देऊ शकते.